हातच्याची वजाबाकी : मुलागणिक बदलणाऱ्या ऑनलाइन सरावाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

व्याप्ती ठरली. तिसरी-चौथीच्या मराठी माध्यमातल्या मुलांसाठी वजाबाकीचा सराव. मुलाचं उत्तर बघून पुढचं उदाहरण ठरणार. सगळं गणित एकदम हाती घेतलं नाही. वजाबाकी निवडली कारण तिच्यातल्या चुका नियमित असतात, आणि ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतही दोन अंकी हातच्याची वजाबाकी ही एक स्वतंत्र पायरी धरलेली आहे. इथे अडकलेलं मूल पुढे भागाकारातही अडकतं.

पहिल्या आराखड्यात दोनच कौशल्यं होती, ‘दोन अंकी’ आणि ‘तीन अंकी’. तो रद्द केला. एकक स्थानी वरच्या आणि खालच्या अंकाच्या १०० जोड्या होतात. त्यांतल्या ५५ जोड्यांत वरचा अंक खालच्याइतका किंवा मोठा असतो, म्हणजे हातचा लागतच नाही. जे मूल प्रत्येक स्तंभात डोळे मिटून मोठ्यातून लहान वजा करतं, त्याची सरमिसळ संचातली निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर येतात. प्रणालीला ते ‘अर्धंमुर्धं येणारं’ मूल वाटतं आणि ती त्याला आणखी सोपी उदाहरणं देत बसते. त्याला अर्धं येत नसतं असं नाही. एकच गोष्ट येत नसते आणि बाकी सगळं येत असतं.

म्हणून आठ कौशल्यं केली: संख्या ऐकून लिहिणं, स्थानिक किंमत, १८ पर्यंतच्या तोंडी वजाबाक्या, दोन अंकी बिनहातच्याची, दोन अंकी हातच्याची, वर शून्य असलेली (५०−२७), तीन अंकी हातच्याची, आणि मधे शून्य असलेली (४०३−१२७). यांच्यात ‘आधी हे, मग ते’ असे बाण काढले. आठ कौशल्यांचे येणं-न येण्याचे २५६ प्रकार होतात, पण बाण पाळले तर शक्य असलेल्या अवस्था २० उरतात. ज्ञानाच्या अवस्था अशा मोजायची पद्धत ड्वान्यों आणि फाल्मान्य यांनी १९८५ मध्ये मांडली. तिचा रोजच्या कामातला फायदा असा की नव्या मुलाची जागा शोधायला चाळीस प्रश्नांची परीक्षा लागत नाही. मधल्या पायरीवरचं उदाहरण द्यायचं. आलं तर वर जायचं, नाही आलं तर खाली. पाच-सहा उदाहरणांत जागा सापडते.

१९ जून

उदाहरणसंच. ही नोंद मोठी आहे, कारण जुळवून घेणाऱ्या प्रणालीचं निम्मं यश मॉडेलच्या (मुलाला किती येतं याचा अंदाज काढणाऱ्या गणिताच्या) आधी इथेच ठरतं.

नमुना म्हणून ५२−३७ घेतलं. बरोबर उत्तर १५. मुलांच्या दोन नेहमीच्या चुका लावून पाहिल्या. पहिली, मोठ्यातून लहान: ७ मधून २ गेले ५, ५ मधून ३ गेले २, उत्तर २५. दुसरी, दशक सुटा केला पण दशकातला एक कमी करायचा राहिला: १२ मधून ७ गेले ५, ५ मधून ३ गेले २, उत्तर २५.

दोन्ही चुकांना एकच उत्तर! पहिल्या मुलाला दशक सुटा करायचा असतो हेच माहीत नाही. दुसऱ्याला ते माहीत आहे, फक्त शेवटची नोंद राहते. दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी, आणि ५२−३७ ला त्यांच्यातला फरक कधीच कळणार नाही.

कारण सोपं आहे. एककातल्या अंकांचा फरक ५ असला की १० मधून तो फरक काढल्यावरही ५ च उरतात. हातच्याच्या ४५ जोड्यांपैकी ५ जोड्या अशा आहेत (०-५, १-६, २-७, ३-८, ४-९), म्हणजे दर नवातली एक. उदाहरणं आपोआप तयार करणाऱ्या प्रोग्रामने या जोड्या निदानाच्या संचात घ्यायच्या नाहीत असा नियम घातला. सरावाच्या संचात त्या राहू देत, तिथे त्यांचं काही बिघडत नाही.

आता ५३−३७ पाहा. १६ बरोबर. २४ आलं तर मोठ्यातून लहान. २६ आलं तर दशक कमी करायचा राहिला. ९० आलं तर चिन्ह न पाहता बेरीज केली. १५ किंवा १७ आलं तर रीत बरोबर आहे, १३−७ मोजताना चूक झाली. एकाच उदाहरणात पाच वेगळ्या खुणा. असं उदाहरण सोन्याच्या मोलाचं.

मधल्या शून्याची उदाहरणं याहून बोलकी असतात. ४०३−१२७ चं उत्तर २७६. ३२४ आलं तर मोठ्यातून लहान. २८६ आलं तर मुलाने शून्याकडून उसना घेतला पण शून्य बदललाच नाही, नंतर दशकासाठी मात्र शतकाकडे नीट गेलं. ३७६ आलं तर शून्याचे नऊ केले आणि शतकातला एक कमी करायचं विसरलं. १८६ आलं तर दोन्ही वेळा शतकाकडूनच घेतलं. मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांची पद्धतशीर यादी ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्ये केली होती. आपल्या यादीचा पाया तोच आहे.

प्रत्येक उदाहरणासोबत खुणांचा तक्ता साठवायचा: कोणतं उत्तर आलं तर कोणती चूक. दोन चुकांचं उत्तर एक आलं की प्रोग्रामने ते उदाहरण निदानातून बाद करायचं. तीन अंकींतही हा सापळा आहे. ४०२−१५७ मध्ये मोठ्यातून लहान केलं तरी ३५५, आणि कुठेच काही कमी केलं नाही तरी ३५५.

एका चुकीवरून शिक्का मारायचा नाही. तीन निदान-उदाहरणांपैकी किमान दोनांत तीच खूण दिसली तरच चूक नोंदवायची, आणि ती नोंद तीन दिवसांनी आपोआप पुसायची. मुलांच्या चुका आज एक, परवा दुसरी अशा सरकतात. जुन्या शिक्क्यावर दिलेली मदत वाया जाते.

२४ जून

की-पॅडवर तपासणी. तीन घोटाळे सापडले, तिन्ही मॉडेलच्या बाहेरचे.

पहिला: मूल वहीत उजवीकडून सोडवतं. एककाचे ६ आले की बोट आधी ६ वर जातं, मग १ वर. उत्तराची चौकट मात्र डावीकडून भरते, त्यामुळे पडद्यावर ६१ उमटतं. रीत बरोबर, उत्तर बरोबर, आणि शेरा चूक. चौकट फोडून प्रत्येक स्थानाला वेगळं घर दिलं. कर्सर आधी एककाच्या घरात, मग दशकाच्या. आडव्या मांडणीत एकच चौकट ठेवावी लागते. तिथे उलटं उत्तर आलं तर चूक न धरता तेच उदाहरण उभ्या मांडणीत पुन्हा द्यायचं. अशाने खरी चूक झाकली जाईल का, तेही तपासलं. बरोबर उत्तराचे दशक द आणि एकक ए धरले, तर मोठ्यातून लहान करणाऱ्याचं उत्तर दशकात द+१ आणि एककात १०−ए असं येतं. ते उलट्या उत्तराशी जुळायला द साडेचार असावा लागेल. तसं होणार नाही. दशक कमी न करणाऱ्याचं तर कधीच जुळत नाही. म्हणजे दोन अंकींत ही सूट निर्धोक आहे.

दुसरा: देवनागरी अंक. पुस्तकात ५३ देवनागरीत असतं, म्हणून की-पॅडही देवनागरी ठेवला. पण काही टॅबचा स्वतःचा की-बोर्ड मधेच उघडतो आणि इंग्रजी अंक पाठवतो. यूनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. संगणकाला हे दोन ‘सोळा’ वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. तुलना करण्याआधी देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे, मग संख्या म्हणून ताडून पाहायचं.

तिसरा खास आपल्या भाषेतला. मराठीत ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, मग तीस. ऐकून लिहिताना ३७ चे ७३ होणं त्यातूनच येतं. एकोणीस ते एकोणनव्वद या आठ संख्या आणखी अवघड: ‘एकोणचाळीस’ ऐकून मूल चाळीस पकडतं आणि ४९ लिहितं. बरं, ९९ ला ‘एकोणशंभर’ नाही, ‘नव्याण्णव’! या चुका वजाबाकीच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून ऐकायची उदाहरणं फक्त पहिल्या कौशल्यात ठेवली. वजाबाकीत संख्या नेहमी लिहिलेली दिसेल. ध्वनिमुद्रण दोन तऱ्हांनी करायचं, ‘सदतीस’ आणि ‘तीस सात’. दुसरी तऱ्हा २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात आली आणि तिच्यावर राज्यभर वाद झाला. पण पहिल्यात चुकणारं मूल दुसऱ्यात बरोबर लिहितं का, एवढं कळलं तरी अडचण नावाची आहे की स्थानिक किमतीची ते लगेच उलगडतं.

१ जुलै

‘आलं’ कधी म्हणायचं? बेझियन नॉलेज ट्रेसिंग वापरायचं ठरलं (कॉर्बेट आणि अँडरसन, १९९५), म्हणजे दर उत्तरानंतर कौशल्य येत असण्याचा अंदाज नव्याने काढायचा. प्रत्येक कौशल्याला चारच आकडे लागतात: सुरुवातीला येत असण्याची शक्यता, एका उदाहरणात शिकण्याची शक्यता, न येता अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता, आणि येत असून हातून चुकण्याची शक्यता. अंदाज ०.९५ च्या वर गेला की कौशल्य आलं असं धरायचं. शिक्षकांना समजावता येईल इतकं हे मॉडेल साधं आहे. हजारो आकडे पोटात ठेवणारं मॉडेल घेऊन ‘असं का ठरलं’ याचं उत्तर देता येत नसेल, तर चौथीच्या वर्गात ते कामाचं नाही.

अंदाजाने बरोबर येण्याच्या आकड्यावर किती फरक पडतो ते हाताने मांडून पाहिलं. सुरुवात ०.३०, शिकण्याची ०.१०, हातून चुकण्याची ०.१०.

उत्तर टाइप करायचं असेल तर अंदाजाने येण्याची शक्यता ०.०५ धरली. पहिलं बरोबर उत्तर: येत असून बरोबर ०.३०×०.९० = ०.२७, न येता बरोबर ०.७०×०.०५ = ०.०३५, म्हणून येत असण्याची शक्यता ०.२७ ÷ ०.३०५ = ०.८८५. त्यात शिकण्याचा वाटा मिळवला की ०.८९७. दुसऱ्या बरोबर उत्तराला ०.९९४. दोन उत्तरांत काम झालं.

चार पर्याय दिले तर ०.२५ धरायचे, ०.९५ ओलांडायला सलग तीन बरोबर उत्तरं लागतात. ‘चूक की बरोबर’ असे दोनच पर्याय दिले तर ०.५० धरायचे, आणि पाचव्या बरोबर उत्तरानंतरही अंदाज ०.९४५ वर थांबतो, सहा लागतात. पर्यायांचे प्रश्न बनवायला सोपे म्हणून वापरले तर मुलाचा तिप्पट वेळ जातो, वर चुकीची खूणही मिळत नाही. निर्णय: वजाबाकीत सगळीकडे टाइप केलेलं उत्तर.

या मॉडेलची एक खोड लक्षात ठेवायची. येत असण्याचा अंदाज ०.०५ असताना मूल चुकलं तर तो खाली जायला हवा. गणिताने तो ०.१०५ वर चढतो. कारण प्रत्येक उदाहरणानंतर शिकण्याचे ०.१० मिळवले जातात आणि अंदाज त्याखाली उतरूच शकत नाही. त्यामुळे ‘अजिबात येत नाही’ हे या आकड्यावरून ओळखायचं नाही. त्यासाठी खुणांचा तक्ता आहे.

८ जुलै

उत्तरांच्या नोंदींवरून चार आकडे आपोआप बसवण्याचा प्रोग्राम चालवला. मर्यादा न घालता सोडला तर तो हातून चुकण्याचा आकडा ०.५० च्या वरही नेऊन ठेवतो. गणित जुळतं, अर्थ जात राहतो. अंदाजाने येण्याला कमाल ०.३० आणि हातून चुकण्याला कमाल ०.१० अशी कुंपणं घातली.

१५ जुलै

पुढचं उदाहरण निवडणं. कौशल्य ठरल्यावर त्यातलं सोपं-अवघड ठरवायला डेन्मार्कचे गणिती राश यांचं १९६० चं मॉडेल घेतलं: मुलाची क्षमता वजा उदाहरणाची काठिण्यपातळी, या एका फरकावर बरोबर येण्याची शक्यता ठरते. फरक शून्य असेल तर ५० टक्के, १.१ असेल तर ७५ टक्के.

मोजमापासाठी ५० टक्केवालं उदाहरण सगळ्यात चांगलं, त्यातून माहिती जास्तीत जास्त मिळते. पण दर दुसरं उदाहरण चुकणारं मूल टॅब बाजूला ठेवतं. ७५ टक्क्यांवर माहिती चतुर्थांशाने कमी होते (०.२५ ऐवजी ०.१८७५) आणि मूल टिकतं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात सुरू झालेल्या ‘रेकेनटाउन’ या गणिताच्या सराव-प्रणालीनेही बरोबर येण्याचं प्रमाण बरंच वर ठेवलं होतं. आपल्याकडे सरावात ७५, निदानाच्या तीन उदाहरणांत ५० च्या आसपास.

एक पथ्य: सलग दोन उदाहरणांत तेच अंक नकोत. ५३−३७ नंतर ६३−३७ दिलं तर मूल एककातले ६ आठवणीने लिहितं.

२२ जुलै

चूक ओळखल्यावर करायचं काय? आजवरच्या आराखड्यात ‘सोपं उदाहरण द्या’ एवढंच होतं. ते काढून टाकलं. दशक कमी करायला विसरणाऱ्याला बिनहातच्याची दहा उदाहरणं दिली तर तो दहाही बरोबर सोडवतो आणि जिथे होता तिथेच राहतो.

मोठ्यातून लहान करणाऱ्यासाठी: पडद्यावर काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. आकडे नाहीत. ‘सात काड्या द्या.’ मूल तीन सुट्या काड्या ओढून देतं आणि थांबतं. इथे प्रणालीने काहीही बोलायचं नाही, किमान आठ सेकंद. गठ्ठ्याला बोट लावलं की त्याची दोरी सुटते आणि दहा काड्या पसरतात. वर उरलेल्या चार गठ्ठ्यांकडे लक्ष जावं म्हणून सुटलेल्या गठ्ठ्याची जागा रिकामी दाखवायची, उरलेले सरकवून घ्यायचे नाहीत. पहिल्या आवृत्तीत ते सरकत होते, आणि ‘पाचाचे चार झाले’ ही नेमकी दाखवायची गोष्ट अ‍ॅनिमेशनमध्ये हरवत होती.

दशक कमी करायला विसरणाऱ्याला काड्या नकोत, त्याला ते समजलेलं आहे. त्याला त्याचंच उत्तर ताडून पाहायला द्यायचं. ५३−३७ चे २६ आले असतील तर: २६ मध्ये ३७ मिळवा. ६३ येतात. ‘सुरुवात कितीने केली होती?’ इतकाच प्रश्न. पुढच्या तीन उदाहरणांत वरचा दशक खोडून लिहायचं घर रिकामं दिसेल आणि ते भरल्याशिवाय उत्तराची घरं उघडणार नाहीत. चौथ्यापासून ते घर काढायचं. काढायचं विसरलो तर मूल वजाबाकी न शिकता घर भरायला शिकतं.

१३−७ मध्ये चुकणाऱ्याला मांडणी दाखवायचीच नाही. १८ पर्यंतच्या तोंडी वजाबाक्या, रोज दोन मिनिटं.

५ ऑगस्ट

सिंक. वर्गात एक टॅब तीन-चार मुलांत फिरतो आणि नेट मधेच जातं, त्यामुळे उत्तरं आधी टॅबवर साठतात, मग वर जातात. दुबळ्या नेटवर तोच गठ्ठा दोनदा जातो. टाइप केलेल्या उत्तराला दोन बरोबर नोंदी पुरतात, म्हणजे एकच उत्तर दोनदा पोचलं तर मूल न शिकता पुढच्या पायरीवर! प्रत्येक नोंदीला टॅबचा क्रमांक आणि त्या टॅबवरचा अनुक्रमांक अशी जोडी दिली. तीच जोडी पुन्हा आली तर सर्व्हरने ती टाकून द्यायची. वेळेवरून क्रम लावायचा नाही. बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅबची तारीख १ जानेवारी १९७० वर जाऊ शकते.

नोंदीत मुलाने टाइप केलेलं उत्तर जसंच्या तसं ठेवायचं, नुसतं ‘चूक-बरोबर’ नाही. खुणांच्या तक्त्यात नवी चूक घातली की जुन्या नोंदी पहिल्यापासून चालवून सगळ्या मुलांचे अंदाज नव्याने काढता येतात. अंदाज हा नोंदींवरून काढलेला आकडा. तो हरवला तरी चालेल, नोंद हरवता कामा नये.

तीन मिनिटं हालचाल नसेल तर पडदा परत नावांवर. लहान मुलांना पासवर्ड नको. मोर, छत्री, आंबा अशा नऊ चित्रांतली दोन निवडायची. फोटो, जन्मतारीख, पालकांचा नंबर घेतलेला नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. लागत नाही ती माहिती न घेणं हाच सरळ रस्ता.

१२ ऑगस्ट

इशाऱ्यांचा, म्हणजे अडल्यावर पडद्यावर मागता येणाऱ्या मदतीचा, गैरवापर. तिसऱ्या इशाऱ्यात उत्तर दिसतं, हे मुलं एका तासात शोधून काढतात. तिसऱ्या इशाऱ्यानंतरचं उत्तर बरोबर धरायचं नाही आणि चूकही धरायचं नाही. अंदाज तसाच ठेवून त्याच प्रकारचं दुसरं उदाहरण द्यायचं. चूक धरलं तर खरंच अडलेलं मूल मदत मागायला घाबरतं. दोन सेकंदांच्या आत दिलेली सलग तीन चुकीची उत्तरं म्हणजे मूल सोडवत नाहीये. तिथे की-पॅड बंद, काड्या सुरू. ही उत्तरं मॉडेलला पाठवायची नाहीत.

८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. मॉडेलच्या मते सगळ्यांना सुट्टीआधी होतं तेवढंच येतं, कारण त्यात विसरणं नाही. मूल पहिल्याच दिवशी ४०३−१२७ वर येतं आणि दोन अंकींतच अडखळतं.

जोडणी अशी: उदाहरण न सोडवता गेलेल्या दर ३० दिवसांना अंदाज निम्मा. ०.९८ चा अंदाज १२ दिवसांनी ०.७४ होतो, टाइप केलेल्या एका बरोबर उत्तराने तो पुन्हा ०.९८ वर. पूर्ण ३० दिवस गेले तर ०.४९, आणि एका बरोबर उत्तराने जेमतेम ०.९५१. म्हणजे विसरलं नसेल त्या मुलाचं एकच उदाहरण जादा जातं आणि विसरलं असेल तर ते लगेच कळतं. हे ३० दिवस सगळ्या कौशल्यांना सारखे नकोत. मधल्या शून्याच्या वजाबाकीला १५ धरले. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन्ही आकडे नोंदींशी ताडून बदलायचे.

१५ सप्टेंबर

शिक्षकांचा पडदा. आधीच्या आवृत्तीत प्रत्येक मुलाचा आलेख होता, आठ कौशल्यांचे आठ रंग. चाळीस मुलांच्या वर्गात तो उघडून बघायला कोणाकडे वेळ आहे? तो काढला. आता तीन यादी दिसतात, तास सुरू होण्याआधी वाचता येतील अशा: ‘काड्या घेऊन बसवा’, ‘ताळा करायला लावा’, ‘तोंडी वजाबाक्या घ्या’. प्रत्येक नावाखाली त्या मुलाने दिलेलं एक खरं उत्तर, उदाहरणासकट: ५३−३७ = २६. शिक्षकांना टक्के सांगावे लागत नाहीत. हे एक उत्तर बघून अनुभवी शिक्षक चूक ओळखतात.

नाव चुकीच्या यादीत वाटलं तर बोटाने ओढून दुसरीकडे नेता येतं. तो बदल नोंदीत वेगळा साठवायचा, प्रणालीने तो तीन दिवस मोडायचा नाही. एकाच खुणेबाबत शिक्षक वारंवार नाव हलवत असतील तर तक्त्यातली ती खूण पुन्हा तपासायची. पहिली शंका २८६ वर आहे: १३−७ बरोबर करून दशकात नुसती मोजणी चुकलेलं मूलही तिथेच पोचतं. त्यासाठी ५०२−२३८ सोबत द्यायचं. उत्तर २६४, शून्य न बदलणाऱ्याचं २७४ येईल. दोन्हीकडे दशकात एक जास्त आला तरच खूण पक्की.